खानावळीचा हिशेब

पावसाळ्याच्या तोंडी कॉलेजे उघडतात आणि शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या गावांतून मुले-मुली पुण्याची वाट धरतात. घोड नदीच्या खोऱ्यातील हे गाव बाजरी, ज्वारी, कांदा, ऊस पिकवते आणि शहराला दूध पुरवते. परंतु अशा गावातील मुलगी शिक्षणासाठी शहरात गेली की तिच्या वाट्याला दूध येते ते केवळ चहातून. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव आणि रात्री खानावळीचा एक डबा, तोही खोलीतील मैत्रिणीबरोबर निम्मा वाटून घेतलेला, असा दिनक्रम असंख्य विद्यार्थ्यांचा असतो. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलांचे डबे एके काळी सकाळच्या एस.टी.ने घरून येत. भाकरी गार होई, पण ती पोटभर असे. शहरातील शहाणी माणसे आजच्या या दिनक्रमाला ‘हल्लीच्या मुलांच्या वाईट सवयी’ म्हणतात. हे नाव मोठे सोयीचे आहे. सवय म्हटली की दोष खाणाऱ्याचा ठरतो आणि व्यवस्था निर्दोष सुटते.

विद्यापीठ अनुदान आयोगाची दृष्टीही याहून फारशी निराळी नाही. २०१६ आणि २०१८ मध्ये व पुन्हा जुलै २०२४ मध्ये आयोगाने विद्यापीठांना कळविले की, उपाहारगृहांत आरोग्यास अपायकारक पदार्थ विकू नयेत. सूचना अयोग्य नाही. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहाराशी निगडित आहे, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२४ मध्येच सांगितले आहे. परंतु वडापाव बंद केल्याने ताटात वरण-भात येत नाही. काय विकू नये हे सांगणे सोपे असते. चौरस आहार विद्यार्थ्याला परवडेल अशा दरात कोणी द्यावा, हा खरा प्रश्न आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एंगेलचा नियम शिकविला जातो. हे एंगेल म्हणजे मार्क्सचे सहकारी एंगल्स नव्हेत, तर जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल. १८५७ साली त्यांनी दाखवून दिले की, कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. शहरात एकट्या राहणाऱ्या गरीब विद्यार्थ्याच्या बाबतीत हा नियम उलटा फिरतो. कॉटचे भाडे ठरल्या तारखेला द्यावे लागते, अभ्यासिकेचे पैसे आगाऊ भरावे लागतात, परीक्षेच्या शुल्काला मुदत असते. घरून येणारी रक्कम मात्र कांद्याच्या भावाबरोबर खाली-वर होते. मग कपात करण्याजोगी एकच बाब उरते, ती म्हणजे जेवण. घरमालक भाड्याची उधारी ठेवीत नाही. पोट ठेवते, आणि तिची वसुली पुढे व्याजासह करते.

ही वसुली कशी होते याचा अंदाज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावरून येतो. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५४.२ टक्क्यांवर गेले. कॉलेजात जाणाऱ्या मुली याच वयोगटात मोडतात. वजनाच्या धास्तीने अन्न टाळणे किंवा अनावर खाऊन ते ओकून टाकणे, अशा आहारविकृतींना श्रीमंतांची थेरे म्हणून हसण्याची रीत कार्यकर्त्यांतही आढळते. ती सोडली पाहिजे. हे गंभीर आजार आहेत आणि त्यांवर उपचार लागतात. दिवसभर उपाशी राहिलेले शरीर रात्री मिळेल ते अधाशीपणे खाते, हा शरीराचाच धर्म आहे. पैशाअभावी सुरू झालेले उपवास पुढे अशा दुखण्याला वाट करून देऊ शकतात. चारचौघांत बसून जेवणाऱ्याचे न जेवणे कोणाच्या तरी ध्यानात येते. बंद खोलीत कागदाच्या पुडक्यातून खाणाऱ्याचे येत नाही.

महाराष्ट्राला हे नवे सांगावे लागू नये. वार लावून आणि माधुकरी मागून शिकलेल्या पिढ्या पुण्याने पाहिल्या. त्या दयेच्या अन्नाच्या जागी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग उभे केले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवली. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शाळेच्या आधी स्वयंपाकघर, हा त्या कार्याचा पाया होता.

आज तो पायाच उखडला जात आहे. शासनाने २०१८ मध्ये शहरांतील आदिवासी वसतिगृहांच्या खानावळी बंद करून भोजनाची रक्कम थेट बँक खात्यात जमा करण्याचा मार्ग धरला. त्याविरुद्ध त्याच वर्षी जुलैत आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. ही मुले शिरूरच्या शेजारच्या खेड, जुन्नर तालुक्यांतून चालत गेली. त्यांची मागणी शिजलेल्या अन्नाची होती. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना आली. तीत पुण्यासारख्या शहरासाठी भोजनभत्ता वर्षाला ३२,००० रुपये ठरला, म्हणजे दिवसाला ८८ रुपयांच्याही आत. जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास व दुर्बल घटकांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. त्या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु वर्गाचे दार उघडले तरी खानावळीचे दार बंदच राहिले.

रोख रकमेमुळे विद्यार्थ्याला निवडीचे स्वातंत्र्य मिळते, असा युक्तिवाद केला जातो. कंत्राटदारांच्या खानावळींविषयी तक्रारी होत्या, हेही खरे. पण कंत्राटदार बदलण्याऐवजी चूलच विझविणे हा कोणता न्याय? खात्यावर आलेली रक्कम अगोदर घरमालकाकडे जाते, आणि ती महिनोन्‌महिने आलीच नाही तर निवडीला उरते ते उपाशीपण. शासनाला अन्न शिजविता येत नाही असेही नव्हे. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीने ते सिद्ध केले.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक महाविद्यालयात अनुदानित भोजनगृह हवे, आणि त्याच्या कारभारात विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी हवेत. भोजनभत्ता महागाईशी जोडला पाहिजे आणि तो सत्राच्या आरंभी मिळाला पाहिजे. प्रत्येक विद्यार्थिनीची रक्ततपासणी व्हावी आणि मानसोपचाराची सोय विद्यापीठाच्याच दवाखान्यात असावी. या लढ्याची सुरुवात कार्यकर्त्यांना उद्याच करता येईल. आपल्या गावातून शहरात गेलेल्या मुलामुलींची यादी करावी, त्यांच्या खोल्यांवर जावे आणि निकालाच्या आधी जेवणाची चौकशी करावी. दहा-वीस जणांनी मिळून सहकारी खानावळ चालविणे अशक्य नाही. धान्य गावाकडून येऊ शकते. निमोण्याचे दूध रोज पुण्याला पोहोचते. निमोण्याच्या लेकीपर्यंत मात्र ते पोहोचत नाही. मधल्या वाटेवर ते कोठे अडते, हे शोधून ती वाट मोकळी करणे हे समाजवादी चळवळीचे कामच आहे.