‘फोटो काढायचा?’ होय / नाही

रविवारी सकाळी आठला आईचा फोन. आवाज रडवेला. ‘‘अगं, बाबांचा फोटो गेला!’’

झालं असं, की बाबांच्या वर्षश्राद्धाला नातेवाइकांना द्यायला आई लॅपटॉपवर छोटीशी पुस्तिका करत होती. फोटोवर क्लिक केल्यावर मराठीत प्रश्न आला, ‘फोटो काढायचा?’ आईला वाटलं, फोल्डरमधून बाहेर काढून पानावर ठेवायचा का, असं विचारतंय. तिनं ‘होय’ दाबलं आणि फोटो डिलीट! आत्याकडे दुसरी कॉपी होती, म्हणून निभावलं.

माझं डोकं जाम सटकलं. कंपनीला कडक मेल ठोकायचा म्हणून पत्ता शोधायला गेले, तर कंपनीच नाही! सॉफ्टवेअर ओपन सोर्स आणि त्यातलं मराठी कुणी तरी रात्री जागून, एक पैसा न घेता केलेलं. आता बोला!

मंडळी, ओपन सोर्स म्हणजे नुसतं फुकट नव्हे. रिचर्ड स्टॉलमननं १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून या लोकांचा हट्ट एकच : प्रोग्राम वापरणाऱ्याला तो उघडून बघायचा आणि बदलायचा हक्क हवा. भाषा बदलणं हाही त्यातलाच एक बदल. त्यासाठी कुणाची परवानगी नको, की ‘तुमच्या भाषेला मार्केट आहे का?’ ही चौकशी नको. म्हणूनच फायरफॉक्स ९०हून जास्त भाषांत मिळतो. त्यात आपली मराठीही आहे. लिब्रेऑफिसही मराठीत आहे.

काम दिसायला सोप्पं. इंग्रजी वाक्य समोर, त्याखाली रिकामी ओळ. ती भरायची. फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं ‘पॉन्टून’ नावाचं संकेतस्थळ आहे. तिथे कुणीही लॉगइन करून शब्द सुचवू शकतं, मग जाणकार माणूस तपासून तो पास करतो.

गोची अशी, की बऱ्याचदा सुटी ओळच दिसते, स्क्रीन दिसत नाही. ‘ओपन’ म्हणजे ‘उघडा’ हे खरं, पण ही आज्ञा की नुसती स्थिती? ‘राइट’ म्हणजे उजवीकडे की बरोबर? त्यात आपली तीन लिंगं! फाइल पुसली, फोल्डर पुसला, चित्र पुसलं. इंग्रजीत मात्र तिघांना मिळून एकच वाक्य. अरबीवाल्यांचं ऐकाल तर आपलं दुःख विसराल. आकडा बदलला की नाम बदलतं, म्हणून त्यांना एकाच वाक्याची सहा-सहा रूपं भरावी लागतात.

मास कॉमची डिग्री घेऊन शब्दांवरच पोट भरते मी. म्हटलं, शिव्या देण्यापेक्षा आपणच बसूया. पुढच्या शनिवारी त्याच सॉफ्टवेअरच्या भाषांतरात घुसले. ‘काढायचा’ खोडून लिहिलं, ‘हा फोटो कायमचा पुसायचा?’ आणि बटणावर, ‘नको, राहू दे’. तपासणाऱ्याचं उत्तर मध्यरात्री आलं : ‘प्रश्न मस्त. बटणावर इतकं मावत नाही, नुसतं नको ठेवूया का?’ हा गृहस्थ दिवसा नोकरी करतो. मराठीच्या सगळ्या ओळी तो एकटाच तपासतो.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलीय. शनिवारी दहा ओळी करायच्या आणि पाठवण्याआधी आईला फोनवर वाचून दाखवायच्या. ती ‘कळलं’ म्हणाली तर पुढे, ‘म्हणजे काय गं?’ म्हणाली तर पुन्हा पहिल्यापासून. ‘निष्कासित करा’वर तर ती इतकी हसली, की तो शब्द जागीच बाद झाला.

परवा तिनं विचारलं, ‘‘याचे पैसे किती देतात तुला?’’

‘‘काहीच नाही.’’

‘‘मग नीट कर,’’ आई म्हणाली. ‘‘पैसे घेऊन चुकलेल्याला निदान जाब तरी विचारता येतो.’’