धावते पर्यटन आणि महाड-पोलादपूरचे अर्थकारण

पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची वारसा यादीत नोंद झाली. त्यांपैकी जिंजी तामिळनाडूत आहे. उरलेले अकरा महाराष्ट्रात आहेत. या अकरांतील रायगड महाड तालुक्यात मोडतो. प्रतापगड सातारा जिल्ह्याच्या हद्दीत असला, तरी कोकणातून त्याच्याकडे जाणारा रस्ता पोलादपूरहून आंबेनळी घाट चढूनच जातो. साहजिकच, आता पर्यटकांची रीघ लागेल आणि या दोन डोंगरी तालुक्यांचे दैन्य फिटेल, अशी भाषा तेव्हापासून व्यासपीठांवरून ऐकू येऊ लागली आहे. नोंदीचा आनंद रास्तच आहे. त्यामागचे गणित मात्र तपासून घेतले पाहिजे. किती माणसे आली यावरून गावाला किती मिळाले हे ठरत नाही. ती किती वेळ थांबली, कोठे जेवली आणि त्यांचा पैसा कोणाच्या हाती पडला, यावर ते ठरते.

हा भेद नवा नाही. १९६३ साली रोम येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या प्रवासविषयक परिषदेने पाहुण्यांचे दोन वर्ग केले. चोवीस तास वा अधिक काळ मुक्काम करणारा तो पर्यटक, आणि त्याहून कमी वेळात परतणारा तो सहलीचा प्रवासी. जहाजातून बंदरावर उतरून सायंकाळी पुन्हा जहाजात परतणाऱ्या प्रवाशाला परिषदेने बुद्धिपुरस्सर दुसऱ्या वर्गात घातले. कारण तो रात्र किनाऱ्यावर काढत नाही, आणि पाहुण्याच्या खर्चाचा मोठा भाग रात्रीच्या मुक्कामाभोवतीच गुंफलेला असतो.

भूमध्य समुद्राचा धडा

या दुसऱ्या वर्गाचे अर्थकारण कसे चालते हे पाहावयाचे तर भूमध्य समुद्राकडे वळावे. तेथील विहारी जहाजे सकाळी एखाद्या बंदराला लागतात. चिवितावेक्किया येथे उतरणाऱ्याला रोम दाखवितात, लिव्होर्नो येथे उतरणाऱ्याला पिसा व फ्लॉरेन्स, पिरेयस येथे उतरणाऱ्याला अथेन्सचा अक्रॉपोलिस. जहाजाशेजारी बसगाड्या उभ्याच असतात. वाटाड्या हातातील पाटी उंच धरून पुढे चालतो, ठरलेल्या तासांत ठरलेली स्थळे उरकतात आणि सायंकाळी जहाज नांगर उचलते. या किनारी सहलींची तिकिटे बहुतेक वेळा जहाज कंपनीच विकते. त्यातील आपला वाटा ठेवून उरलेली रक्कम स्थानिक ठेकेदाराला देते. प्रवाशाची न्याहारी व रात्रीचे जेवण जहाजाच्या भाड्यातच आलेले असते. त्यामुळे पुरातन नगरीच्या खाणावळीत ताटावर बसण्याची त्याला ना गरज, ना सवड. शहराच्या वाट्याला येतात ती चार-सहा तासांची गर्दी, शीतपेयाची एखादी बाटली आणि आठवणवस्तूंच्या दुकानातील किरकोळ विक्री.

ही स्थिती त्या शहरांनी निमूटपणे सोसली नाही. व्हेनिसमधील मोठ्या जहाजांना शहरालगतच्या जुदेक्का कालव्यातून जाण्यास इटलीच्या शासनाने १ ऑगस्ट २०२१ पासून मनाई केली. २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी शहरात केवळ दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यावर पाच युरो प्रवेशशुल्क बसविण्यात आले. शहरात मुक्काम करणाऱ्याला या शुल्कातून सूट आहे. त्या दरात कोणाला किती महसूल मिळाला, हा प्रश्न येथे गौण आहे. जो थांबतो तो पाहुणा, आणि जो धावतो त्याने आपल्या धावण्याचा भार थोडातरी उचलावा, हे तत्त्व त्यात मान्य झाले, हे महत्त्वाचे.

महाडला लागणारी जहाजे

महाड हेही एके काळचे बंदरच. बाणकोटच्या खाडीतून सावित्रीच्या पात्राने गलबते आत येत आणि घाटमाथ्याचा व किनाऱ्याचा माल येथे एकत्र होई. गलबते गेली, खाडी गाळाने भरली. आज महाडला लागतात त्या मुंबई-पुण्याहून निघालेल्या सहलीच्या बसगाड्या. त्यांचा क्रम भूमध्य समुद्रातील जहाजांहून फारसा वेगळा नाही. मध्यरात्री वा पहाटे प्रस्थान, पाचाडला जिजाऊंच्या समाधीचे दर्शन, हिरकणीवाडीहून रोपवेने गडावर, राजसदर, जगदीश्वर व महाराजांची समाधी, मग उतार. वेळ उरलाच तर महाडचे चवदार तळे. गंधारपाल्याची बौद्ध लेणी महामार्गावरून दिसतात, म्हणून ती बहुधा गाडीच्या खिडकीतूनच पाहिली जातात. शिवथरघळ, सव येथील गरम पाण्याची कुंडे, तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आणि पोलादपुरातील कवींद्र परमानंदांची समाधी ही स्थळे वेळापत्रकात बसत नाहीत. रात्री गाडी परतीच्या वाटेवर असते.

समजा, अशा सहलीसाठी एका माणसाने १,५०० रुपये मोजले. त्यातील मोठा हिस्सा गाडीचे भाडे व डिझेल यांत जाईल. हा पैसा गाडीमालकाच्या शहरात राहील. न्याहारीचा शिधा व आचारी सहलीबरोबरच आले, तर तोही खर्च बाहेरचाच. संयोजकाचा नफा अर्थातच संयोजकाच्या गावी. गडावरील प्रवेशपत्रिकेची रक्कम पुरातत्त्व खात्यामार्फत केंद्राच्या तिजोरीत जाते. पायथ्याच्या गावात उरतात ते चहा, ताक, लिंबूसरबत आणि भाजलेल्या कणसाचे पैसे. फार तर शंभर रुपये. त्यांतूनही लाकडी तलवार, पितळी मुद्रा वा बाटलीबंद पाणी घेतले गेले, तर त्या वस्तू बाहेरून आलेल्या असल्यामुळे विक्रेत्याच्या हाती केवळ दलाली राहते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, परंतु त्यांची दिशा चुकीची नाही. अर्थशास्त्रात यालाच गळती म्हणतात. भांडे गळके असेल, तर पाण्याची धार वाढविल्याने ते भरत नाही.

भार कोणी वाहावयाचा?

लाभ बाहेर जात असताना भार मात्र येथेच राहतो. महाड-पोलादपूर भागात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही चैत्र-वैशाखात डोंगरावरील अनेक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात आणि टँकरची वाट पाहावी लागते. सुट्ट्यांमुळे पाहुण्यांची गर्दी होते ती नेमकी याच काळात. जेथे गृहिणी हंड्यासाठी डोंगर उतरते, तेथे स्वच्छतागृहांना पाणी कोठून आणावयाचे, हा प्रश्न कोणत्याही सहलीच्या हिशेबात मांडलेला नसतो. रिकाम्या बाटल्या व पत्रावळी उचलण्याचे काम ग्रामपंचायतीकडे येते, आणि तिचे उत्पन्न रहिवाशांच्या घरपट्टीवर उभे असते. पाहुण्यांच्या संख्येवर नव्हे.

घाटवाटांचा प्रश्न याहून गंभीर. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला निघालेली बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. त्यातील एकच जण वाचला. भर पावसात दोर लावून दरीत उतरले ते महाबळेश्वर, पोलादपूर आणि महाड येथील गिर्यारोहक तरुण. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला तेव्हा, आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळली तेव्हाही आधी धावून गेले ते आसपासचे लोकच. ज्या भूमीत डोंगर सुटतात आणि नद्या एका रात्रीत पात्र सोडतात, तेथे प्रत्येक नवी गाडी, प्रत्येक नवे बांधकाम आणि रुंदीकरणासाठी तोडलेला प्रत्येक कडा यांची किंमत स्थानिक माणूसच चुकवीत असतो.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, सहलीची गाडी नसती तर वृद्धांना, अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना आणि शाळकरी मुलांना रायगड पाहावयास मिळालाच नसता. हे पूर्णपणे खरे आहे. एस. टी. च्या सवलतीच्या गाडीतून येणारी खेड्यातील शाळा हा रायगडाचा सर्वांत मोलाचा पाहुणा आहे, आणि त्याच्याकडून चार पैसे अधिक काढण्याचा विचारही कोणी करू नये.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या तळ्याच्या काठी दरवर्षी येणारा समुदाय पर्यटनाला येत नाही. त्याच्या येण्याचा जमाखर्च मांडणे हाच औचित्यभंग होईल. तळे सर्वांना खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ सालचा. तो अमलात यावा म्हणून माणसांना चालत जावे लागले, मार खावा लागला, आणि न्यायालयाचा अंतिम निर्णय होण्यास १९३७ साल उजाडले. ठराव कागदावर असणे आणि पाणी ओंजळीत येणे यांतले अंतर केवढे असते, हे महाडला कोणी शिकविण्याची गरज नाही. वारसा यादीतील नोंद हाही आज एक ठरावच आहे. ज्यांच्या दारात हा वारसा उभा आहे त्यांच्या ओंजळीत त्यातील काय पडते, हे विचारणे म्हणूनच औचित्याला सोडून होत नाही.

एका रात्रीचे मोल

उपाय फार दूरचे नाहीत. अलिबाग-मुरूडपासून गणपतीपुळ्यापर्यंत किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांनी घरातील दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवून घरगुती जेवणावर संसार सावरला आहे. तेथे समुद्र सायंकाळी पाहावयाचा असतो म्हणून पाहुणा रात्री राहतो. रायगड पहाटे पाहावा, हे कोणीतरी आग्रहाने सांगितले पाहिजे. पाचाड, हिरकणीवाडी, रायगडवाडी, कोंझर, उमरठ या गावांत निवास-न्याहारीची व्यवस्था उभी राहिली, तर तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले आणि नाचणी यांना गावातच गिऱ्हाईक मिळेल. एका मुक्कामात पाहुणा तीन वेळा जेवतो. ते धान्य शेजारच्या शेतातले असेल, तर रुपया गावात आणखी दोन हात फिरतो.

दुसरे, महाड-पोलादपूरच्या पदवीधर तरुणांना इतिहासाचे, लेण्यांचे आणि सह्याद्रीच्या भूरचनेचे रीतसर शिक्षण देऊन अधिकृत वाटाडे म्हणून नेमावे. आज येथील तरुण नोकरीसाठी मुंबईची वाट धरतो आणि त्याच्या गावचा इतिहास बाहेरून आलेला वाटाड्या ध्वनिक्षेपकावरून सांगतो, हा विरोधाभास संपला पाहिजे. तिसरे, गडाच्या प्रवेशपत्रिकेतील व वाहनतळाच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा कायद्याने पायथ्याच्या ग्रामपंचायतींना मिळावा आणि तो प्रथम पिण्याच्या पाण्यावर खर्च व्हावा. दिवसापुरत्या येणाऱ्या व्यापारी सहलगाड्यांवर अल्पसे शुल्क आकारावे. शालेय सहली, तसेच तळ्याच्या व गडाच्या वार्षिक सोहळ्यांना येणारे लोक त्यातून मुक्त असावेत. चौथे, महाड स्थानकातून लेणी, घळ, गड व उमरठ यांना जोडणारी एस. टी. ची नियमित फेरी सुरू व्हावी, म्हणजे वीर स्थानकावर रेल्वेने उतरलेल्या सामान्य माणसालाही दोन दिवसांत हा परिसर पाहता येईल.

यांतील एकाही उपायाला प्रचंड भांडवल लागत नाही. लागतो तो हिशेब मांडण्याचा दृष्टिकोन. किती गाड्या आल्या हा आकडा सांगण्यास सोपा, म्हणून तोच सांगितला जातो. किती माणसे एक रात्र थांबली आणि वैशाखात किती वाड्यांचा टँकर बंद झाला, हे दोन आकडे यापुढे जिल्हा परिषदेने दरवर्षी प्रसिद्ध करावेत. जागतिक वारशाने या दोन तालुक्यांना काय दिले, हे त्यांवरून ठरेल.