टोपलीवाला
अमेरिकी पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीने १८८५ मध्ये पिट्सबर्गच्या विद्यार्थ्यांना दिलेला श्रीमंतीचा सल्ला परवा वाचला. दारूला शिवू नका, सट्टा नको, सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवा आणि मग ती डोळ्यांत तेल घालून राखा. सूतगिरणीत आठवड्याला सव्वा डॉलरच्या आतबाहेर कमावलेल्या पोराचे बोल, कान टवकारणारच. पण त्याचंच आत्मचरित्र उघडा. पहिले शेअर घेतले ते रेल्वेतल्या साहेबाने सुचवले म्हणून, आणि पैसा उभा राहिला आईने घर गहाण टाकल्यावर! असा साहेब (आणि अशी आई) कुठल्या टोपलीत मिळतो? पुढे १८९२ मध्ये मजुरीकपातीच्या वादातून होमस्टेडच्या त्याच्या कारखान्यापाशी गोळ्या चालल्या, माणसं मेली. टोपलीवाला तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता.