बैलाच्या कोठ्यात शेळी बांधण्यापूर्वी



महागाव तालुक्यातल्या गुंज, हिवरा, मुडाणा, फुलसावंगी अशा कोणत्याही गावी जा, पोळ्याच्या तोरणाखाली पूर्वीइतक्या जोड्या आता दिसत नाहीत. नांगरट ट्रॅक्टरने होते, गडी मिळत नाही, चाऱ्याचा खर्च झेपत नाही, म्हणून बैल विकले जातात. कोठा मात्र जागच्या जागी उभा असतो. सागाचे खांब, दगडी फरशी, छातीइतकी भिंत आणि बांधीव गव्हाण. मग घरची बाई म्हणते, "कोठा रिकामाच पडला आहे, चार बकऱ्या घेऊ." हा विचार चांगलाच आहे. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे ८४ लाख शेळ्या होत्या, २०१९ च्या गणनेत त्या १ कोटी ६ लाखांवर गेल्या. कोरडवाहू भागात कापूस हातचा गेला तरी शेळी घर सावरून धरते.

पण पुष्कळ घरी पहिल्याच वर्षी करडे दगावतात. एखादे हौदात पडते, एखादे कुत्रे नेते, तर एखादे हिवाळ्यात खोकून खोकून जाते. लोक म्हणतात, "आम्हाला बकरी लाभत नाही." लाभण्या-न लाभण्याचा प्रश्न नसतो. बैलाच्या मापाचा कोठा शेळीला दिला आणि मापे मात्र बदलली नाहीत, हे खरे कारण असते.

बैल उभा राहिला म्हणजे साडेचार फुटांच्या आसपास भरतो. आपली बेरारी किंवा उस्मानाबादी शेळी सव्वादोन-अडीच फुटांची आणि नुकते जन्मलेले करडू जेमतेम हातभर. बैल दाव्याला बांधलेला असतो, तर शेळी मोकळी असते, चढते, उडी मारते आणि दिसेल त्यात तोंड घालते. म्हणून बैलाला सोयीच्या असलेल्या वस्तू शेळीला अडचणीच्या ठरतात.

ही अडचण आपल्याकडचीच आहे असे नाही. अमेरिकेत ३४ इंचांपर्यंतच उंच होणारी बुटकी घोडी लोक हौसेने पाळतात. मोठ्या घोड्यांच्या पागेत ती ठेवली की त्यांना दारावरून बाहेर दिसत नाही, गव्हाणीपर्यंत तोंड पोचत नाही आणि दाराखालच्या फटीत पाय अडकतो. तिथे पाग पाडत नाहीत. दाराचा वरचा भाग कमी करून गज बसवतात, गव्हाण व पाण्याचे भांडे खाली आणतात आणि खालची फट बुजवतात. आपल्यालाही नेमके हेच करायचे आहे. त्यासाठी सिमेंट फार लागत नाही. बांबू, तुराट्या, जुनी फळी आणि दोन दिवसांची मेहनत पुरते.

गव्हाण. बैलाची गव्हाण रुंद व खोल असते. शेळी सरळ तीत चढून बसते आणि तिथेच लेंड्या टाकते. लेंडी-मुताने घाण झालेला चारा शेळी खात नाही. खाल्लाच, तर त्यातून जंत पोटात जातात. म्हणून चारा गव्हाणीत टाकू नये. गव्हाणीच्या वर, शेळीच्या तोंडाच्या उंचीला, बांबूच्या कामट्यांची शिडीसारखी चौकट भिंतीला तिरपी टांगावी आणि पाला-चारा तिच्यात भरावा. दोन कामट्यांत दोन-अडीच इंचांचेच अंतर ठेवावे, म्हणजे ओठाने पाला ओढता येतो, पण डोके आत अडकत नाही. खाली पडलेला पाला जुन्या गव्हाणीत साचतो. तो वाया न घालवता रोज झाडून काढावा.

पाणी. बैलाचा हौद करडाच्या जिवावर उठतो. भिंतीवर चढलेले करडू आत पडले की त्याला बाहेर निघता येत नाही. हौदावर फळ्या टाकून तो पक्का झाकावा. पिण्यासाठी उथळ घमेले किंवा आडवे कापलेले ड्रम फूटभर उंचीच्या दगडांवर ठेवावे. पाणी रोज बदलावे.

दावे. बैलाच्या कडीला शेळी लांब दाव्याने बांधणे फार धोक्याचे आहे. शेळी गव्हाणीवर चढते, पलीकडे उडी मारते आणि अधांतरी लटकते. रात्री हे कोणाला कळतही नाही. कोठ्यात शेळ्या मोकळ्याच ठेवाव्यात. एखादी बांधावीच लागली, तर खुंटा जमिनीलगत हवा, दावे आखूड हवे आणि गळ्याला सरकफास नको, पट्टा हवा.

दार आणि फटी. बैलाच्या दाराखाली वीतभर फट असली तरी चालते. शेळीच्या कोठ्यात त्याच फटीतून करडू बाहेर जाते आणि कुत्रे किंवा कोल्हा आत येतो. खाली फळी ठोकावी किंवा दगडाचा उंबरा करावा. मोकळ्या बाजूंना खालून दोन-अडीच फूट तुराट्यांची दाट ताटी बांधावी आणि वरचा भाग जाळीने बंद करावा. पैनगंगेच्या जंगलालगतच्या गावांत तर वरची जाळी टाळूच नये, कारण बिबट्या भिंतीवरून येतो. दाराची कडी बाहेरून असावी. आतली कडी शेळी शिंगाने किंवा तोंडाने उघडायला शिकते.

हवा. हा मुद्दा सहज ध्यानात येत नाही. बैलाच्या कोठ्याच्या खिडक्या पाच फुटांवर असतात. वारा वरून निघून जातो आणि मुताचा उग्र वास खाली, नेमका शेळीच्या नाकाशी, कोंडून राहतो. सकाळी झाडण्यापूर्वी कोठ्यात उकिडवे बसा आणि शेळीच्या नाकाइतक्या उंचीवर पाच मिनिटे श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर शेळ्यांचा खोकला कुठून येतो ते वेगळे सांगावे लागणार नाही. अशा वेळी एका बाजूच्या भिंतीत जमिनीपासून फूट-दीड फुटावर दोन-तीन झरोके काढावेत. कुडाची भिंत असेल तर कूड तिथे विरळ करावा. थंडीत व झडीच्या पावसात झरोक्यांवर गोणपाट सोडावे आणि दुपारी वर गुंडाळावे.

जमीन. दगडी फरशी बैलाच्या खुराला चालते. शेळीला मात्र कोरडी जागा हवी. ओल्या, थंड फरशीवर बसल्याने फुप्फुसाचा दाह होतो आणि खुरे सडतात. ऐपत असेल तर निम्म्या जागेत दीड फूट उंचीचे बांबूचे मचाण करावे. पट्ट्यांमधली फट अर्ध्या इंचाहून जास्त नसावी, नाही तर करडाचा पाय मोडतो. मचाण जमत नसेल तर फरशीवर चार इंच कोरडा मुरूम पसरावा, पंधरवड्याला त्यावर चुन्याची भुकटी टाकावी आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर मुरूम बदलावा. काढलेला मुरूम शेतात टाकावा, खत म्हणून तो उपयोगी पडतो.

करडांचा कोपरा. मोठ्या कोठ्यात लहान करडाला ऊब राहत नाही. एका कोपऱ्यात तीन फूट उंचीचे बुटके छत घालून कुटाराचा बिछाना करावा. त्याला आठ इंच रुंदीचेच दार ठेवावे, म्हणजे करडे आत जातील आणि मोठी शेळी बाहेर राहील. करडांचा कोवळा पाला व खुराक आतच ठेवावा.

किती शेळ्या? कोठा मोठा दिसतो म्हणून शेळ्या कोंबू नयेत. मोठ्या शेळीला १० चौरस फूट, करडाला ५ आणि बोकडाला २० चौरस फूट जागा लागते. समजा कोठा १२ बाय १५ फूट, म्हणजे १८० चौरस फूट आहे. दहा शेळ्यांना १०० आणि बारा करडांना ६० चौरस फूट गेले. उरलेली जागा झाडलोट करायला व ये-जा करायला लागतेच. बोकड वेगळा बांधावा. बाहेर याच्या दुप्पट मोकळे कुंपण असावे. एखादा बैल अजून त्याच कोठ्यात असेल तर मध्ये पक्की आडभिंत घालावी. बैलाच्या खुराखाली करडू चिरडते आणि त्याच्या अंगावरचे गोचीड शेळ्यांना लागतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या भागात कोठ्याच्या कोपऱ्यात युरियाची पोती, फवारणीच्या बाटल्या, औषध लावलेले बियाणे ठेवण्याची रीत आहे. बांधलेला बैल तिथपर्यंत पोचत नव्हता म्हणून इतकी वर्षे निभावले. मोकळी शेळी मात्र पहिल्याच दिवशी पोते फाडते. थोडासा युरियाही शेळीचा जीव घेतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर बळी पडले, हे आपण विसरलेलो नाही. ही औषधे ना जनावरांजवळ ठेवावीत, ना घरात माणसांजवळ. त्यांना वेगळी, कुलूपबंद जागा हवी. सोयाबीन, गहू आणि ढेपेची पोतीही शेळीच्या तोंडी लागू देऊ नयेत. धान्य भरमसाट खाल्ले की पोट फुगून शेळी दगावते.

कोणी म्हणेल, एवढ्या उठाठेवीपेक्षा कोठा पाडून नवा बांधू. तसे करू नये. वर सांगितलेले जवळजवळ सगळे बदल बांधता-सोडता येण्यासारखे आहेत. उद्या पुन्हा जोडी घेण्याचे दिवस आले, तर ताट्या सोडल्या, मुरूम काढला की कोठा बैलांसाठी तयार. खुंटे उपटू नका, फळीने झाकून ठेवा.

आणि एक गोष्ट घरच्या कर्त्या पुरुषांना. बकऱ्यांचे सगळे बहुधा घरातली बाईच पाहते. पाला तीच आणते, विताना रात्री तीच जागते. तेव्हा कोठ्यात कोणते दार कुठे आणि पाणी किती उंचीवर, हे तिला विचारून ठरवावे. दगावलेले एक करडू म्हणजे शेळीची पाच महिन्यांची गाभण आणि त्या बाईची तितकीच मेहनत. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि औषधपाण्याचा पैसा बहुतेक तिथूनच निघतो.

विकत आणलेल्या शेळ्या दारात येण्यापूर्वी ही कामे उरकून घ्यावीत. शेळ्या आल्यावर दुरुस्तीला सवड मिळत नाही. पुढील लेखात पावसाळ्यापूर्वीच्या लसी आणि जंतांच्या औषधांविषयी पाहू.