प्लायवूडचा बाजार: इंडोनेशिया मागे का पडला, चीन पुढे कसा गेला?

बांधावर किंवा पडीक रानात निलगिरी, सुबाभूळ, मलबार नीम लावायचा विचार असेल, तर रोपे आणण्याआधी दोन देशांचा प्लायवूड व्यापार समजून घ्या. झाड आज लावले तरी पैसे काही वर्षांनी हाती येतात. म्हणून केवळ आजचा भाव बघून लागवड करणे धोक्याचे आहे.

इंडोनेशिया: जंगलाच्या भरवशावर

इंडोनेशिया पूर्वी ओंडके तसेच निर्यात करत असे. १९८५ मध्ये ओंडक्यांच्या निर्यातीवर पूर्ण बंदी आली आणि देशातच प्लायवूड तयार होऊ लागले. काही वर्षांतच हा देश जगातील सर्वांत मोठा प्लायवूड निर्यातदार झाला. जपान त्याचा मोठा ग्राहक होता. पण कच्चा माल येत होता कालिमंतान आणि सुमात्राच्या नैसर्गिक जंगलातून. मेरांटीची मोठी झाडे जितक्या वेगाने तुटली, तितक्या वेगाने वाढली नाहीत. जाड ओंडके दुर्मीळ झाले. त्यात १९९७-९८ च्या आर्थिक संकटाची भर पडली आणि कारखाने अडचणीत आले.

चीन: शेतातल्या पॉपलरवर

१९९० च्या दशकात चीन स्वतः प्लायवूड आयात करत होता. १९९८ मध्ये यांगत्से नदीला महापूर आला. त्यानंतर तेथे नैसर्गिक जंगलतोडीवर कडक बंधने आली. लाकूड आणायचे कुठून? शानतुंग आणि चियांगसू प्रांतांत शेतकऱ्यांनी बांधावर, कालव्याकाठी लावलेले पॉपलर कामी आले. बारीक खोडही सोलू शकणारी यंत्रे गावोगाव बसली. पातळ पापुद्रे उन्हात वाळवून कारखान्यांना विकले जाऊ लागले. २००० नंतर थोड्याच वर्षांत चीनने निर्यातीत इंडोनेशियाला मागे टाकले.

मात्र चीनलाही फटका बसला. २०१८ मध्ये अमेरिकेने चिनी प्लायवूडवर मोठे प्रतिपाटन शुल्क लावले. एकाच ग्राहकावर अवलंबून राहण्याची ही किंमत.

इंडोनेशियाही थांबला नाही. जावा बेटावरील शेतकरी आता प्लायवूडसाठी सेंगॉन हे लवकर वाढणारे झाड लावतात. पण एकाच जातीच्या दाट लागवडीत खोडावर गाठी आणणारा तांबेरा पसरला आणि अनेकांचे नुकसान झाले.

आपण काय शिकायचे?

हरियाणातील यमुनानगरचा प्लायवूड उद्योगही शेतातल्या पॉपलर व निलगिरीवरच चालतो. तेथेही २००० नंतरच्या काही वर्षांत एकदम जास्त माल आला, भाव कोसळले आणि अनेकांनी पॉपलर लावणे सोडले. पॉपलर थंड हिवाळ्याच्या उत्तर भारताचे झाड आहे. महाराष्ट्रात त्याच्या नादी लागू नका.

लागवडीआधी एवढे करा:

- जवळचा कारखाना किंवा वखार कोणती जात, किती घेराचे खोड घेते, ते स्वतः जाऊन विचारा. वाहतूक खर्च भावातून वजा करूनच हिशेब मांडा.
- सर्व क्षेत्रावर एकच जात, एकाच वर्षी लावू नका. टप्प्याटप्प्याने लावा.
- सुरुवातीची दोन-तीन वर्षे आंतरपीक घ्या, म्हणजे घरखर्च चालू राहील.
- झाडांची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या. तोडणी व वाहतूक परवान्याचे नियम वन विभागाच्या कार्यालयात आधीच विचारा.

इंडोनेशियाने जंगल विकले, चीनने शेतात पिकवलेले लाकूड विकले. फरक इथेच पडला. लाकूड हेही पीकच आहे. ग्राहक ठरवून लावा.