हात वाचविणारा गुरू

मास्तरांच्या हातची छडी आमच्या वाचकांना चांगलीच ठाऊक आहे. फिलिपाईन्समधील ‘आर्निस’ या शस्त्रविद्येत मात्र वेताची छडी पहिल्याच दिवशी शिष्याच्या हाती देतात. छडीने गिरविलेली हालचालच पुढे सुरीला आणि अखेरीस रिकाम्या हातालाही उपयोगी पडते. प्रतिपक्ष्याचा शस्त्र धरलेला हात आधी निकामी करणे, याला या विद्येत सापाचे दात पाडणे म्हणतात.

जुन्या तालमीत सरावाचा घावही सोबत्याच्या हातावरच बसे. बोटे सुजत, नवशिके पाठ फिरवीत. नेग्रोस बेटावर १९३६ साली जन्मलेले आणि सेबूच्या ‘बालिंतावाक’ परंपरेतही शिकलेले रेमी प्रेसास यांनी हे जाणले. त्यांनी आपल्या शिष्यांना छडीवर छडी मारण्याचा सराव दिला. हात वाचले, आणि शिकणारे टिकले. २००१ साली प्रेसास निवर्तले. २००९ साली त्यांच्या देशाने कायदा करून आर्निसला राष्ट्रीय क्रीडेचा मान दिला.

परप्रांती मुलांना मराठी शिकविणाऱ्या आपण पालकांनी एवढे ध्यानी धरावे : घाव चुकलेल्या शब्दावर पडावा, बोलू पाहणाऱ्या मुलावर पडू नये.