‘आपण’ म्हणजे नेमकं कोण?

22 एप्रिल जवळ आला की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर पोस्टर स्पर्धेची सूचना लागते. विषय थोड्याफार फरकाने दरवर्षी तोच, ‘वसुंधरा वाचवा’. मग थर्मामीटर तोंडात धरलेली पृथ्वी येते, कुऱ्हाड घेतलेला एक माणूस येतो आणि खाली ओळ असते, ‘माणसाने निसर्गाचा घात केला’. बक्षीस बहुतेक वेळा यातल्याच एखाद्या पोस्टरला मिळतं. चित्रात खोटं काही नाही. पण त्या ओळीतला माणूस कोण? हे मात्र कुणी विचारत नाही.

प्रश्न वाटतो तेवढा फालतू नाही. याच प्रश्नाभोवती जगभरातले भूगर्भशास्त्रज्ञ पंधरा वर्षं भांडले आणि 2024 मध्ये त्यावर चक्क मतदान झालं.

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना थर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. गडाच्या वाटेवरून समोरच्या कड्याकडे बघितलं की कातळाच्या आडव्या पट्ट्या दिसतात. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे लोंढेच्या लोंढे आले, एकावर एक थंड झाले, त्या या पट्ट्या. भूगर्भशास्त्रज्ञ असेच थर वाचून पृथ्वीचं कॅलेंडर लावतात. आपण पंचांगात तिथी बघतो, ते दगडात युगं बघतात. पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं. त्यातलं सध्याचं युग होलोसीन, म्हणजे शेवटची 11,700 वर्षं. शेती, गावं, राज्यं, लिपी, क्रिकेट, सगळं काही त्यात आलं.

2000 साली नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुट्झन आणि जीवशास्त्रज्ञ यूजीन स्टोर्मर यांनी एक लेख लिहिला. होलोसीन संपलं, आता माणसाचं युग सुरू झालंय, त्याला अँथ्रोपोसीन म्हणू या, असं त्यांचं म्हणणं. मराठीत मानवयुग. कल्पना भन्नाट होती. 2009 मध्ये अभ्यासगट बसला. मानवयुग सुरू झाल्याची खूण कुठल्या थरात मिळेल, याचा शोध सुरू झाला. 2023 मध्ये कॅनडातलं क्रॉफर्ड नावाचं छोटं तळं निवडलं गेलं. या तळ्याच्या तळाशी दरवर्षी गाळाचा एक पातळ थर बसतो, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखा. 1950 च्या आसपासच्या थरांमध्ये अणुबॉम्ब चाचण्यांमधून पसरलेलं प्लुटोनियम सापडतं. इथूनच मानवयुग सुरू झालं असं धरा, असा प्रस्ताव गेला.

मार्च 2024 मध्ये प्रस्ताव पडला. बाजूने 4 मतं, विरोधात 12. माणसाने पृथ्वी बदलली यावर विरोधकांचा आक्षेप नव्हताच. त्यांचा मुद्दा साधा होता. माणसाने पृथ्वी बदलली ती काय 1950 पासून? जंगल जाळून पहिलं शेत केलं तेव्हा नाही का? इंग्लंडमध्ये कोळशावर गिरण्या सुरू झाल्या तेव्हा नाही का? एवढी लांबलचक गोष्ट एका तारखेला कशी बांधणार?

त्यामुळे कागदोपत्री तुम्ही-आम्ही अजून होलोसीनमध्येच आहोत. त्यातही त्याच्या शेवटच्या भागात, ज्याचं नाव मेघालयन. हो, आपल्याच मेघालयावरून. सोहऱ्याजवळच्या मॉमलूह गुहेत चुनखडीचा एक स्तंभ सापडला. सुमारे 4,200 वर्षांपूर्वी पाऊस कमी झाल्याची नोंद त्यात होती. 2018 मध्ये त्यावरून अख्ख्या कालखंडाचं नाव ठरलं.

मतदानात ‘कधीपासून’ यावर वाद झाला. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो ‘कुणी’. मानवयुग म्हटलं की आठशे कोटी माणसं एका झटक्यात एकाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहतात.

याला थोडं कारण एक फोटोही आहे. 24 डिसेंबर 1968 ला अपोलो 8 मधून चंद्राभोवती फिरताना बिल अँडर्स यांनी पृथ्वी उगवतानाचा फोटो काढला. काळ्याभोर अवकाशात एक निळा अर्धगोल. तो बघून जगाला पहिल्यांदा वाटलं, अरे, आपण सगळे एकाच होडीत! भावना खरी होती. पण पावणेचार लाख किलोमीटरवरून देशांच्या सीमा दिसत नाहीत, तसंच कोण एसीत बसलंय आणि कोण टँकरची वाट बघतंय, तेही दिसत नाही.

इथे आपली मराठी कामाला येते. इंग्रजीत एकच ‘वी’. मराठीत दोन शब्द, आपण आणि आम्ही. ‘आपण’ म्हटलं की समोरचाही आत आला. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर. कॅन्टीनचं बिल देताना हा फरक आपल्याला बरोब्बर कळतो. ‘आपण खाल्लं’ आणि ‘आम्ही खाल्लं’ यात पैसे कोण काढणार ते ठरतं. पृथ्वीचं बिल आलं की मात्र सगळेच ‘आपण’.

आता बिल बघा. अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी 14 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. भारतातला सुमारे 2 टन. आफ्रिकेतल्या कित्येक देशांमध्ये हा आकडा अर्धा टनही नाही. ही फक्त सध्याच्या एका वर्षाची गोष्ट झाली. युरोप-अमेरिकेने दीडशे-दोनशे वर्षं जाळलेला कोळसा वेगळाच. तेव्हा ‘माणसाने घात केला’ हे वाक्य ऐकायला नम्र वाटतं, पण ज्याने सगळ्यात जास्त खाल्लं त्याची ते छान सुटका करतं.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. दोष गोऱ्यांचा, विषय संपला. पण सरासरी ही मोठी लबाड गोष्ट आहे. त्या 2 टनांच्या आत उसाच्या फडात राबणारी बाई आहे आणि दोन गाड्या, तीन एसी असलेलं शहरातलं घरही आहे. उन्हाळ्यात पारा 43 वर गेला की तिला सावली शोधावी लागते, घरातले रिमोट शोधतात. अमेरिकेकडे बोट दाखवताना आपण देशाच्या सरासरीमागे लपतो, म्हणजे खरं तर त्या बाईच्या मागे लपतो. तिने न जाळलेलं पेट्रोल आपल्या नावावर जमा करून घेतो. ही पुरवणी वाचणाऱ्या आपल्यापैकी अनेक जण या हिशोबात नेमके कुठे बसतात, हे ज्याचं त्याने बघावं.

मग करायचं काय? ‘एक झाड लावा’ याच्या पलीकडचं एक काम सुचवते. यंदा पोस्टर करण्याआधी आपल्या कॉलेजचं वीजबिल मागा. महिन्याला किती युनिट जळतात? त्यातले एसी सेमिनार हॉलचे किती आणि पंखे असलेल्या वर्गांचे किती? पार्किंगमध्ये गाड्या किती, बसने येणारे किती? हे आकडे काढायला पीएचडी लागत नाही. एक वही, चार मित्र आणि ऑफिसात दोन-चार हेलपाटे मारायची तयारी पुरते. मग तेच आकडे पोस्टरवर लिहा. बक्षीस मिळेल न मिळेल, पण त्या पोस्टरसमोर लोक थांबतील. प्रिन्सिपॉल सरही.

पृथ्वीची काळजी नको. तिने लाव्हाचे लोंढे पचवलेत, ती राहील. प्रश्न आहे तो तिच्यावर कोण सुखाने राहणार आणि कोण पोळणार, हा. मराठीत ‘आपण’चा अजून एक वापर आहे. कुणी न सांगता पुढे येतो त्याला आपण म्हणतो, तो आपण होऊन आला. बिल देण्याची वेळ आली की ज्याने जास्त खाल्लंय त्याने तसंच यावं. आपण होऊन.